गव्हाणीजवळचा डाग

“काकू, हा डाग कुठं गेला?”

कीर्ती मॅडमनी स्क्रीनवर बोट टेकवलं. मी आधी त्यांच्या बोटाचा ठसा पाहिला, कारण स्क्रीन नुकतीच पुसली होती. मग बोटाखाली पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. त्यांचं म्हणणं तेच होतं.

“काढला मी,” मी म्हणाले. आवाजात अभिमान होता, खोटं कशाला बोलू. “लय घाण दिसायलता. वेळ लागला, पण काढला.”

“काढला?”

“आणि चेहरा जरा उजळ केला. काळवंडली होती बिचारी.”

मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. माझ्या थोरल्या मुलीच्या वयाची पोरगी, पण कामात माझी बॉस. “काकू,” त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही मरियेला फेअरनेस क्रीम लावलंत?”

हे बोलणं चाललं होतं माझ्या परभणीतल्या स्टुडिओत. मी तेव्हा पंचावन्न वर्षांची होते. त्या वयात माणूस शहाणा होतो म्हणतात. तेव्हाच्या त्या बाईचं, म्हणजे माझं, शहाणपण उशिरा सुटलेल्या एस.टी.सारखं अजून रस्त्यात होतं. आता सत्तरी गाठल्यावर मी तिच्याकडं पाहते तेव्हा हसू येतं. हात चांगला होता पोरीचा. फक्त तो कुठं थांबवायचा ते ठाऊक नव्हतं.

तिची बाजू थोडी मांडते. मी लग्न होऊन आले ती सासऱ्यांच्या फोटो स्टुडिओत. सासऱ्यांनी पहिल्यांदा हातात पोळपाट दिला नाही, पेन्सिल दिली. तेव्हा फोटोची आधी निगेटिव्ह यायची. तीत सगळं उलटं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं पांढरा दिसतो. त्यावर टोकदार पेन्सिलीनं बारीक ठिपके दिले की छापील फोटोत डाग गायब. देवीचे व्रण, वांग, तीळ, सगळं मी असं बुजवलं. आसपासच्या कितीतरी मुलींची लग्नं माझ्या पेन्सिलीनं जमवली. लग्नानंतरचं विचारू नका. सासरचे फोटोतल्या मुलीला अजून शोधत असतील.

पुढं डिजिटल कॅमेरा आला. पेन्सिल गेली, माउस आला. खोड तीच राहिली.

कीर्ती मॅडम आर्किटेक्ट. जुन्या इमारतींची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. चारठाण्याच्या दगडी देवळांकडं सगळे जातात, पण रंगवलेल्या भिंती आपल्याकडं कमी उरल्यात, आणि उरलेल्या कुणी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना सोनपेठकडच्या एका गावात एक छोटं चर्च सापडलं. गावाचं नाव सांगत नाही. लोक उगाच फोन करून रस्ता विचारतात.

चर्च म्हणजे डोळ्यांसमोर उंच मनोरा आणू नका. दगडामातीचं लांबट घर, वर पत्रे, दाराशी कडुनिंब. पण आतल्या समोरच्या भिंतीवर, वेदीच्या मागं, येशूच्या जन्माचं मोठं चित्र. निजामाच्या काळातलं. काढणारा कोण ते कुणाला माहीत नाही. बाहेरचा नव्हता एवढं नक्की, कारण त्यानं बेथलेहेम आपल्या तालुक्यात आणून ठेवलं होतं. मरियेच्या अंगावर काठाचं नऊवारी लुगडं. योसेफाला फेटा. गव्हाणीशी उभे असलेले बैल चक्क आपल्याकडचे लाल कंधारी. पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांना शेरवानी आणि रुमी टोपी, जणू हैदराबादहून तपासणीला आलेले अंमलदार. त्यांचा उंट मात्र मान ओढून लांबवलेल्या बैलासारखा. उंट न बघताच काढलेला.

आणि मरिया सावळी. चांगली रापलेली, उन्हात काम केलेल्या बाईसारखी.

चर्च लहान पडत होतं. कमिटीला ते वाढवायचं होतं, आणि वाढवायला सोयीची जागा चित्राच्या भिंतीमागं होती. त्यात कमिटीनं विचारलेले कदम इंजिनिअर म्हणाले होते, एवढ्या जुन्या भिंतीला खालून ओल धरली असू शकते, येऊन बघावी लागेल. कीर्ती मॅडमना भिंत ठेवायची होती. पाळकसाहेब म्हणाले, “तुम्ही फोटो काढा, तुमचं म्हणणं मांडा, मग कमिटी ठरवेल.” पाळक म्हणजे त्या चर्चचे धर्मगुरू. चाळिशीचे, शांत, आणि त्याच गावचे.

मॅडम ह्या कामाला दस्तावेजीकरण म्हणायच्या. मी फोटो काढणं म्हणते. पण ते लग्नाच्या फोटोसारखं नसतं हे खरं. भिंतीचे मनातल्या मनात चौकोन पाडायचे. कॅमेरा तिपाईवर भिंतीसमोर अगदी सरळ धरायचा. एकेका चौकोनाचा वेगळा फोटो, पुढच्यात मागचा थोडा आला पाहिजे. मग कॉम्प्युटरवर सगळे शिवायचे, गोधडीसारखे. प्रत्येक फोटोत कडेला रंगांच्या चौकटींचं एक कार्ड ठेवायचं. त्या कार्डाचे रंग ठरलेले असतात, त्यामुळं भिंतीवरचा लाल खरोखर किती लाल ते पुढं कधीही ताडून बघता येतं. आणि फोटो कच्च्या फाइलमध्ये घ्यायचे. कच्ची फाइल म्हणजे डिजिटल निगेटिव्ह. कॅमेऱ्यानं जे पाहिलं ते, पावडर न लावलेलं.

इथवर मी सगळं बराबर केलं. मॅडम खूश होत्या. मग मी गोधडी शिवली, ती सुंदर झाली, आणि गव्हाणीजवळचा तो काळपट डाग मला खुपायला लागला. परातीएवढा. मरियेच्या हाताशीच. मी म्हटलं, एवढं देखणं चित्र आणि हा डाग? ती पंचावन्न वर्षांची पोरगी बसली माउस घेऊन. आजूबाजूचा रंग उचलायचा, डागावर टाकायचा. गव्हाण लख्ख केली. उंटाची मानही जरा आखूड केली. ते मॅडमना अजून दिसलं नव्हतं, मी सांगितलंही नाही.

“कच्च्या फाइली आहेत ना?” मॅडमनी विचारलं.

“आहेत. सासऱ्यांची शिस्त आहे, निगेटिव्ह टाकायची नाही.”

“देव पावला. आता हे सुधारलेलं कुणाला दाखवलं तर नाही?”

मी माउस पुसायला घेतला.

“काकू?”

“फक्त पाळकसाहेबांना. ईमेलवर पाठवायला जड जात होतं म्हणून पेन ड्राइव्हच दिला.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. पाळकसाहेबच होते. स्पीकर चालू केला.

“काकू, काय फोटो काढलाय! मूळ चित्रापेक्षा भारी! कमिटी एकदम खूश आहे. आम्ही पाथरीहून फ्लेक्स करून आणला. केवढा मोठा! आता प्रश्नच मिटला की. भिंत गेली तरी चित्र राहतंय. रविवारच्या उपासनेनंतर कमिटी बसायलीय, ठराव करून टाकू.”

फोन ठेवला. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मी पंख्याकडं.

“भिंत वाचावी म्हणून फोटो काढायला सांगितले होते मी,” मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही चर्चमध्ये. फ्लेक्स चित्राच्या शेजारच्या भिंतीवर लावला होता. दारातून आत गेलं की आधी तोच डोळ्यांत भरायचा. गोरीपान मरिया, गुलाबी गाल. काय सांगू, तिच्या कपाळावर मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. शेजारी खरं चित्र अंधारात मान खाली घालून उभं राहिल्यासारखं.

कदम इंजिनिअर भिंत बघायला आधीच आलेले. सरळ माणूस. कधी फ्लेक्सकडं, कधी भिंतीकडं बघत होते.

“मॅडम, प्रकार गंभीर आहे,” ते म्हणाले. “हा फोटो कधीचा?”

“गेल्या महिन्यातला,” मी म्हणाले.

“बघा. गेल्या महिन्यात इथं डाग नाही. आज एवढा मोठा. एका महिन्यात ओल इतकी वर चढत असेल तर भिंत आतून गेलेली आहे. मी तर म्हणतो, भिंत उतरवेपर्यंत इथं मंडळींना बसवूच नका.”

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. “पण डाग आधीही होता असं मला वाटतंय.”

“वाटतंय म्हणजे? फोटो समोर आहे. फोटो खोटं बोलतो का?”

आयुष्यभर ज्याच्या जिवावर पोट भरलं ते वाक्य माझ्याच अंगावर येत होतं.

“बोलतो,” मी म्हणाले. “हा बोलतोय. डाग होता. मी पुसला.”

“का?”

“सवय.”

पाळकसाहेब फ्लेक्सजवळ गेले, नाक लावून बघितलं. “आणि मरिया?”

“तिला पण मीच.”

“उंटाची मान?”

मॅडमनी झटकन वळून पाहिलं. “उंटाची पण?”

लॅपटॉप उघडून कच्ची फाइल दाखवली. डाग होता तिथं, तेवढाच. आज मोजला तरी तितकाच भरला. कदमांनी मान हलवली. “ठीक. म्हणजे वाढत नाही. पण आहे ना? डाग आहे म्हणजे ओल आहे. ओल असलेल्या भिंतीवर वाढीव बांधकामाचा भार मी देणार नाही. ओल नाही असं रविवारपर्यंत दाखवा, मी ऐकतो. नाही तर पाडा.”

बोलणं चूक नव्हतं. मॅडम मला म्हणाल्या, “काकू, तुम्हीच पुसलात, आता तुम्हीच शोधा तो काय आहे.”

तोवर मी त्या डागाकडं डाग म्हणून बघितलंच नव्हतं. पुसायची गोष्ट म्हणून बघितलं होतं. खरं सांगते, एकदा शोधायचंच ठरल्यावर मला फार मजा वाटायला लागली. नव्या भाडेकरूकडं शेजारणीनं बघावं तशी मी त्याच्याकडं बघायला लागले.

पुढच्या दिवशी मी एकटीच गेले. पाळकसाहेब परभणीला गेले होते, किल्ली ठेवून. मला हवा होता तिरपा उजेड. ही युक्ती सोपी आहे. अंगणात दुपारी पाहिलं तर जमीन सपाट दिसते. तिन्हीसांजेला ऊन आडवं आलं की प्रत्येक खड्याची सावली पडते. भिंतीचंही तसंच. समोरून दिवा लावला तर रंग दिसतो. भिंतीला जवळजवळ चिकटून बाजूनं लावला तर रंग मागं पडतो आणि उंचसखलपणा बोलायला लागतो. खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, दारं लोटली आणि दिवा कडेला ठेवला.

चित्र हललंच एकदम. बैलांच्या रेषा चित्रकारानं आधी खिळ्यानं ओरखडून घेतल्या होत्या, त्या दिसल्या. उंट त्यानं दोनदा खोडून काढला होता, तेही दिसलं. मला त्याचा जरा जास्तच जिव्हाळा वाटला.

मग डाग. खालून ओल चढली की भिंतीला लोणा लागतो. म्हणजे पांढरी भुकटी सुटते, गिलावा फुगतो, पापुद्रे निघतात. पायथ्यापासून बघत वर आले. तिरप्या उजेडात एक फुगवटा नाही, एक पापुद्रा नाही. डाग जमिनीला टेकलेलाच नव्हता. माझ्या छातीच्या उंचीवर सुरू होऊन तिथंच संपत होता. जमिनीतली ओल मधला मजला सोडून वर कशी राहायला जाईल? बरं, वरून पाणी गळतंय म्हणावं तर डागाच्या वर ओघळाची खूण नाही.

आणखी एक गोष्ट. बाकीची भिंत खरखरीत. डागाची जागा गुळगुळीत, उंबऱ्यासारखी झिजलेली. मधे हलकेच खोलगट. मी चष्मा सारून नाक जवळ नेलं. वास ओळखीचा होता. आमच्या स्वयंपाकघरातला. करडीच्या तेलाचा.

चर्चच्या भिंतीवर करडीचं तेल? मी तिथंच बसले विचार करत. दिव्याचं तेल म्हणावं तर तिथं दिवा ठेवायला कोनाडा नाही.

तेवढ्यात बाजूचं दार करकरलं. “कोन हाय गं आत?”

दारात सत्तरीची एक बाई. कपाळावर मोठं कुंकू, पदर खोचलेला.

“मी फोटोवाली.”

“शामू हाय का?”

“कोण शामू?”

“तुमचा पाळक वं. तुमाला शमुवेल, मला शामू. नागडा फिरायचा आमच्या बांधावर.”

“परभणीला गेलेत.”

“मंग ये गं,” तिनं मागं वळून हाक मारली. कडेवर तान्हं बाळ घेतलेली एक पोरगी आत आली, लाजत, चोरासारखी. म्हातारीचं नाव गयाबाई. पोरगी तिची नातसून. आत येऊन गयाबाई माझ्या दिव्याकडं बघतच राहिली. “हे काय करायलाय बाई? लगीन लावायलाय का भिंतीचं?”

मी काही बोलायच्या आत नातसून चित्राजवळ गेली. बाळाच्या अंगाला नुकतंच तेल चोळलेलं, लकलक करत होतं. तिचा उजवा हातही तेलकट. तो तिनं सरळ गव्हाणीवर ठेवला. डागावर. बाळ डाव्या कडेवर, हात छातीच्या उंचीला. मी मोजपट्टी हातातच धरून उभी राहिले.

“हे काय?” मी विचारलं.

“सव्वा महिना झाला की आणायचं लेकरू,” गयाबाई म्हणाली. “अंग चोळायचं अन् त्योच हात गव्हाणीला लावायचा. धुवायचा न्हाई.”

“पण का?”

“का म्हंजे? राजा मारायला उठला व्हता म्हनं त्या लेकराला. तरी गव्हाणीत ठिवलेलं लेकरू वाचलं का न्हाई? मंग. आपलं बी वाचावं.”

“तुम्ही ख्रिस्ती?”

“न्हाई वं. आमचा खंडोबा. पर बाळंतिणीला काय त्येचं? गावातल्या समद्याच येत्यात.”

“पाळकसाहेबांना माहीत आहे?”

तिचा सूर एकदम बदलला. “त्येला सांगू नगं. चितराला हात लावला की मूर्तिपूजा म्हन्तो त्यो. बाजूच्या दाराला कुलूप घालील. मंग ह्या पोरींनी जावं कुठं? आन घे बाई.”

मी आण घेतली. मग तिला म्हणाले, “मावशी, कुलपाचं सोडा. भिंतच पाडायलेत.”

तिला ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं. वाढीव बांधकाम, ओल, डाग, इंजिनिअर, रविवार. ती बाकावर टेकली. स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले.

“म्हंजे आमच्या हातानंच पडायली म्हन की भिंत,” ती म्हणाली.

फ्लेक्सकडं बोट करून तिनं विचारलं, “अन् ही गोरी कोन?”

“ती माझी चूक.”

“लय चोपडी हाय,” गयाबाई म्हणाली. “हिला लेकरू झाल्यावानी दिसत न्हाई.”

सासऱ्यांनंतर माझ्या कामावर इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

रविवारी उपासना संपली. मंडळी गेली नाहीत, सगळ्यांना निकाल ऐकायचा होता. पुरुष एका बाजूच्या बाकांवर, बाया दुसऱ्या. टेबलाशी कमिटी, पाळकसाहेब आणि कदम इंजिनिअर. मॅडमनी पडद्यावर माझे तिरप्या उजेडातले फोटो लावले. मी एकेक समजावून सांगितला. लोणा नाही. फुगवटा नाही. डाग जमिनीपासून तुटलेला.

कदम उठून पडद्याजवळ आले. एकेका फोटोवर पायथ्यापासून वर बोट फिरवलं. “फोटो चांगले आहेत,” ते म्हणाले. “ह्यात काही पुसलेलं नाही ना?”

मंडळी हसली. मी पण हसले, काय करते.

“कच्च्या फाइली आहेत. पाहिजे तर उघडते.”

“नको. ओल दिसत नाही, मान्य. मग हा डाग कशाचा? ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. उद्या भिंत खचली तर लोक मला धरतील.”

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनाही मी सांगितलं नव्हतं. आण म्हणजे आण. जन्मभर जिला तोंड मिटायला सांगावं लागलं ती मी, नेमकी त्या दिवशी तोंड मिटून उभी. सांगितलं तर बाजूचं दार बंद. न सांगितलं तर भिंत.

“काकू,” पाळकसाहेब म्हणाले, “तुम्हाला माहीत आहे असं तुमच्या तोंडावर दिसतंय.”

“तोंड पुसून घेते,” मी म्हणाले.

“तिला नगं विचारू. मी सांगते.”

सगळ्यांच्या माना वळल्या. गयाबाई बाजूच्या दारातून नाही, पुढच्या दारातून आली होती. चपला बाहेर काढून. मागं नातसून आणि बाळ. दोन्ही बाकांच्या मधून चालत ती थेट भिंतीपाशी गेली आणि तळहात डागावर टेकवला. तळहात डागात मावून भोवती भरपूर जागा उरली.

“ह्यो डाग आमचा हाय,” ती म्हणाली. “बाळंतिणींचा. करडीचं त्याल हाय. वल न्हाई अन् बिल न्हाई.”

एवढं बोलून तिनं सव्वा महिन्याची रीत सांगितली. पाळकसाहेब ऐकत होते. कान लाल झालेले.

“गयामावशी, हे कधीपासून चाललंय?”

“माझ्या सासूच्या बी आधीपासून.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“तू वरडला असतास.”

“ओरडलोच असतो.” ते बाकांकडं वळले. “आपल्या मंडळीतल्याही कुणी येतात का?”

बायांच्या बाजूला एकदम पदर सावरायची गडबड उडाली. कुणाच्या चपलेचा पट्टा सुटला, कुणाचं गीतांचं पुस्तक खाली पडलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. उत्तर मिळालं.

“शामू,” गयाबाई म्हणाली. तिचा आवाज आता हळू झाला होता. “तुझी माय बी आल्ती. माझ्यासंगंच. तू अन् माझा दत्ता बराबरीचे. दत्ता गप व्हता. तू लय रडलास, समदं देऊळ डोक्यावर घेतलंस. तुझ्या मायनं घाईघाईत हात लावला, असा, अन् तुला घिऊन पळाली.”

पाळकसाहेबांची आई मागच्या वर्षीच गेली होती. ते भिंतीपाशी आले. शेजारी गोरी, गुळगुळीत मरिया फ्लेक्सवर हसत होती. तिच्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. हात उचलला, डागाच्या जवळ नेला, आणि थांबवला. पाळक होते ना शेवटी. सगळी मंडळी बघत होती.

मग हात खाली घेऊन ते म्हणाले, “कदम साहेब, पाया उकरून बघता येईल का?”

“मी तेच म्हणणार होतो,” कदम म्हणाले.

खड्डा घेतला. कदम स्वतः आत उतरले. तळाशी कोरडा ठाक मुरूम. त्यांनी मूठभर वर आणला, कमिटीच्या प्रत्येकाला चिमटीत धरायला लावला आणि मग म्हणाले, “भिंत चांगली आहे. वाढवायचं तर दाराच्या बाजूनं वाढवू. कडुनिंब मधे येतोय, त्याला वळसा घालू.” तसंच झालं. आज तो कडुनिंब नव्या व्हरांड्याच्या कोपऱ्यातून बाहेर डोकावतो.

राहिला तेलाचा प्रश्न. कीर्ती मॅडमना चित्रावर आणखी तेल नको होतं. बायांना रीत सोडायची नव्हती. पाळकसाहेबांना दोन्हीकडून पेच. शेवटी गयाबाईनंच तोड काढली. तिच्या पोरांनी बैल विकून ट्रॅक्टर आणला होता, गोठ्यातली जुनी गव्हाण रिकामी पडली होती. तिची एक फळी काढून तिनं आणली. ती चित्राखाली, भिंतीला न टेकता, दोन पायांवर बसवली. आता तेलाचा हात फळीला लागतो. चित्रातली गव्हाण वर, खरी खाली.

“फळीला हात लावणं मूर्तिपूजेत बसतं का?” मी पाळकसाहेबांना विचारलं.

“ते मी वर विचारलेलं नाही,” ते म्हणाले. “तुम्ही पण विचारू नका.”

बाजूच्या दाराला कुलूप लागलं नाही. बिजागरीला मात्र कुणीतरी तेल घातलंय, आता ते करकरत नाही. करडीचंच असणार.

माझ्या फ्लेक्सचं काय झालं ते सांगायला हवं. तो बाहेर काढून व्हरांड्यात लावला. आपल्याकडचा एक उन्हाळा त्याला पुरला. आधी गालांचा गुलाबी गेला, मग पिवळा, आणि शेवटी मरिया, योसेफ, बैल सगळे निळेशार. मग गयाबाईनं तो मागून नेला. परतीच्या पावसात तिच्या सोयाबीनच्या ढिगावर मी तो स्वतः पाहिलाय, चित्राची बाजू आत करून टाकलेला. दाणा भिजला नाही म्हणाली. माझ्या त्या सगळ्या मेहनतीचा कुणाला तरी उपयोग झाला.

कच्च्या फाइली आहेत. मॅडमच्या नोंदीत चित्र डागासकट आहे, आखूड न केलेल्या उंटासकट.

परवा माझ्या नातसुनेनं बाळाला घेऊन काढलेला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, “आजी, डोळ्यांखालची काळी वर्तुळं तेवढी काढून द्या ना.”

मी फोन केला. “लेकरू रात्री झोपू देत नाही का गं?”

“कुठलं झोपू देतंय, आजी!”

“मग राहू दे,” मी म्हटलं. “पुढं पोरगं विचारेल, माझ्यासाठी काय केलंस, तेव्हा दाखवायला होतील.”